सुपरहिरोंबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी हट्टी उत्तरं

आमच्या घराण्यात चाळिशी ओलांडूनही कॉमिक वाचणारा मी एकटाच. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबे उघडल्यावर आणि भाचा सुट्टीला आला की दिवसभर, तेच ते प्रश्न माझ्या वाट्याला येतात. दरवेळी नव्यानं भांडण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. माहितीत चूक सापडली तर जरूर सांगा. मतात सापडली तर आधी चहा पाजा, मग सांगा.

मार्व्हल की डीसी?

हे विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, तुम्ही कुठल्या बाजूचे ते हवं असतं.

आधी एक गंमत. या दोन अमेरिकन कॉमिक कंपन्यांतली डीसी ही 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'ची आद्याक्षरं. म्हणजे 'डीसी कॉमिक्स' हा शब्द गाईच्या गोमूत्राच्या आणि पिवळ्या पितांबराच्या पंगतीतला. कंपनीच स्वतःला तसं म्हणवून घेते, तेव्हा आपण तरी काय बोलणार?

आता मुद्दा. 'नटसम्राट' कसं आहे, असं आपल्याकडे मुरलेला प्रेक्षक विचारत नाही. तो विचारतो, "कोणाचं पाहिलंत? डॉ. लागूंचं की दत्ता भटांचं?" संहिता तीच, पण माणूस बदलला की अप्पासाहेब बेलवलकर बदलतात. कॉमिकचं अगदी तसंच आहे. १९६६ च्या टीव्ही मालिकेतला अ‍ॅडम वेस्टचा बॅटमॅन मारामारी करायला लागला की पडद्यावर रंगीत अक्षरांत ढिशूम-ढिशूम उमटायचं. फ्रँक मिलरनं १९८६ साली लिहून काढलेला बॅटमॅन पंचावन्न वर्षांचा आहे, अंग साथ देत नाही तरी गप्प बसवत नाही. क्रिस्टोफर नोलनच्या सिनेमांतला बॅटमॅन स्वतःच्या कंपनीच्या गोदामातलं सामान वापरतो. हे तिघे एकमेकांना रस्त्यात भेटले तर ओळखसुद्धा देणार नाहीत. म्हणून कोणी "बॅटमॅन भारी आहे" म्हणालं की मी एकच विचारतो, कोणाचा?

तरी उत्तर हवंच असेल तर पात्रं डीसीची, संसार मार्व्हलचा. १९६१ च्या 'फँटास्टिक फोर'पासून मार्व्हलनं माणसं खऱ्या न्यूयॉर्कात राहायला आणली. ती एकमेकांवर डाफरतात आणि घरभाड्याची काळजी करतात. हे मला जवळचं वाटतं. पण भिंतीवर लावायला सुपरमॅनच हवा.

सुपरमॅन आणि हल्कची जुंपली तर कोण जिंकेल?

त्या महिन्यात ज्याच्या हातात पेन असेल तो ज्याला जिंकवेल, तो.

हे टाळाटाळीचं उत्तर वाटत असेल तर पुरावा देतो. १९९६ साली दोन्ही कंपन्यांनी मिळून खरोखरच झुंज लावली आणि पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला. सुपरमॅननं हल्कला हरवलं, बॅटमॅननं कॅप्टन अमेरिकाला. पण डीसीची वंडर वुमन मार्व्हलच्या एक्स-मेन संघातल्या स्टॉर्मकडून हरली! ताकदीचा हिशोब मांडला तर हे पटत नाही. पण त्या काळात एक्स-मेनचे वाचक किती होते ते बघा, लगेच पटतं. आपल्याकडे एसएमएसवर महागायक ठरायचे, त्यातलाच प्रकार.

मतदानाचा त्याहून क्रूर किस्सा १९८८ चा. बॅटमॅनचा जोडीदार असलेला दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा हे डीसीनं वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं. एका फोनला ५० सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३ आणि जगावा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ फोनांनी पोरगा गेला. मला तो कधीच आवडला नव्हता, तरी हे वाचल्यावर पोटात कसंतरीच झालं होतं.

चड्डी पँटच्या बाहेर का?

आमच्या हिनं साखरपुड्यानंतर मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

सुपरमॅन १९३८ साली आला. तेव्हा ताकदवान माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सर्कशीतला पैलवान यायचा, अंगाला चिकटलेल्या कपड्यावर वेगळ्या रंगाची चड्डी घातलेला. चित्रकारांनी तोच वेश उचलला. वाचकांना तेव्हा त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसणार. २०११ मध्ये डीसीनं सगळं नव्यानं सुरू केलं, तेव्हा ती चड्डी काढली. सुपरमॅन एकदम निळ्या बरणीसारखा दिसायला लागला. २०१८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात ती परत आली आणि २०२५ च्या सिनेमातही आहे. मी चड्डीच्या बाजूचा आहे. हसू येणारा वेश घालून जो माणूस गंभीरपणे मांजर झाडावरून उतरवतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

"मूळ कॉमिकमध्ये असं नव्हतं" असं तुम्ही सारखं म्हणता. मूळ म्हणजे नक्की काय?

भाच्यानं मला यात पकडलं, हे कबूल करतो.

सुरुवातीचा सुपरमॅन उडत नव्हता. तो लांब उड्या मारायचा. हवेत तरंगायला लागला तो १९४० च्या दशकात, फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनपटांनंतर. त्याची ताकद हिरावून घेणारं क्रिप्टोनाइट आलं रेडिओवरच्या मालिकेतून. जोकरची साथीदार हार्ली क्वीनही कॉमिकमधली नव्हे. ती १९९२ च्या बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत आली, लोकांना आवडली आणि मग कॉमिकवाल्यांनी तिला घरात घेतलं. हल्क तर पहिल्या अंकात चक्क राखाडी होता. छापताना प्रत्येक पानावर वेगळीच छटा यायला लागली, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. साठ वर्षांहून अधिक काळ ज्या रंगाची बाहुली आपण विकत घेतो, तो रंग छापखान्याच्या अडचणीतून आलाय.

आणि 'मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते' हे स्पायडरमॅनचं सुप्रसिद्ध वाक्य? १९६२ च्या पहिल्या गोष्टीत ते त्याच्या काकांच्या, अंकल बेनच्या तोंडी नाहीच. शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या ओळीत आहे. काकांच्या तोंडी ते मागाहून बसवलं गेलं. सांगायचं काय, तर मीही आता 'मूळ' हा शब्द जरा जपून वापरतो.

बॅटमॅन जोकरला एकदाचा मारून का टाकत नाही?

तत्त्वाचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: एकदा मारलं तर थांबता येणार नाही वगैरे. मला धंद्याचं उत्तर जास्त आवडतं. १९४० साली 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात जोकर आला तेव्हा त्याला त्याच अंकात मारायचं ठरलं होतं. संपादक व्हिटनी एल्सवर्थनं ते पाहिलं आणि शेवटी घाईघाईनं एक चौकट जोडायला लावली, गडी जिवंत आहे असं सांगणारी. इतका चांगला खलनायक एका अंकात कोण खर्ची घालेल?

तसा बॅटमॅनही सोवळा नव्हता. १९३९ च्या पहिल्याच गोष्टीत गुन्हेगार अ‍ॅसिडच्या हौदात पडतो आणि बॅटमॅनच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. न मारण्याचा नियम नंतर आला, पोरं वाचतायत हे लक्षात आल्यावर. पण नियम आला म्हणून गोष्टी चांगल्या झाल्या. गोळी घालून मोकळं होता आलं असतं तर ऐंशी वर्षं लिहायला उरलं काय असतं?

मेलेले सगळे परत येतात. मग रडायचं कशाला?

सुपरमॅन १९९२ साली मेला तेव्हा अमेरिकेत दुकानांबाहेर रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी तो परत आला, तोही लांब केस वाढवून. वर ज्याला फोन करून मारला तो जेसन टॉडसुद्धा २००५ मध्ये उगवला. त्यामुळे मी आता कोणाच्या मरणावर रडत नाही.

अपवाद ग्वेन स्टेसीचा, म्हणजे स्पायडरमॅनच्या प्रेयसीचा. १९७३, 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१ वा अंक. लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केनची. हे पान मी कितीतरी वेळा पाहिलंय. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली टाकतो. स्पायडरमॅन जाळं सोडतो, जाळं तिच्या पायाला बरोबर चिकटतं, ती अधांतरी थांबते. वाचवली! पण तिच्या मानेजवळ, इतक्या बारीक अक्षरात की पहिल्या वेळी नजरेतून सुटावं, एक 'कट्' असा आवाज लिहिलाय. बस्स. पुढच्या चौकटींत तो तिला वर ओढतोय, स्वतःची पाठ थोपटतोय, बडबडतोय, आणि ती उत्तर देत नाही. पडून मेली की त्याच्या झटक्यानं मेली, यावर पन्नास वर्षं वाद चाललाय. मला विचाराल तर त्या एवढ्याशा शब्दानं बालवाङ्मयाचा हात सोडला.

(त्याच अंकात पुलाचं नाव एक आणि चित्र दुसऱ्याच पुलाचं आहे. मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, चित्रात ब्रुकलिन ब्रिज. रडता रडता हेही दिसतं. काय करणार, स्वभाव!)

मार्व्हलचे सिनेमे कुठल्या क्रमानं पाहू?

ज्या क्रमानं प्रदर्शित झाले त्या क्रमानं. गोष्टीतल्या काळाप्रमाणे लावलेल्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून सुरुवात करा, कंटाळा येईल तो सिनेमा सोडा, २०१९ च्या 'एंडगेम'ला थांबलात तरी तुमचं काही बिघडत नाही.

आणि कॉमिक कुठून वाचू?

पहिल्या अंकापासून मुळीच नको. एक पूर्ण गोष्ट, एका लेखकाची, एका चित्रकाराची, असं उचला. आवडली तर त्या पात्राच्या मागे न जाता त्या लेखकाच्या मागे जा. फिरून पुन्हा माझा तोच प्रश्न: कोणाचा?

सिनेमा संपल्यावर नावं सरकत असताना का बसून राहायचं?

'आयर्न मॅन'च्या शेवटी, सगळी नावं सरकून गेल्यावर, निक फ्युरी, मार्व्हलच्या गोष्टींतला हेरखात्याचा प्रमुख, अंधारातून पुढे आला. तिथून ही सवय लागली. यामागचा किस्सा सिनेमाहून गोड आहे. २००२ मध्ये 'द अल्टिमेट्स' या कॉमिकमध्ये चित्रकारानं निक फ्युरीला सरळ सॅम्युअल जॅक्सनचा चेहरा दिला होता. सहा वर्षांनी ती भूमिका कोणी केली? सॅम्युअल जॅक्सननंच.

आमच्याकडे बसून राहणं म्हणजे हिमतीचं काम. 'एंडगेम' १८१ मिनिटांचा. आमच्या थिएटरवाल्यानं मध्यंतर केलं ते एकाचं वाक्य अर्धं तोडून, समोसे गरम होते बहुधा. शेवटी दिवे लागले, झाडूवाल्या मावशी आत आल्या आणि आम्ही सात-आठ जण पाय वर घेऊन बसलेलो. मावशी म्हणाल्या, "अहो, संपला." भाचा म्हणाला, "नाही, अजून असतं काहीतरी." त्याही झाडू टेकवून आमच्यासोबत उभ्या राहिल्या. आणि नेमकं त्याच सिनेमात शेवटी दृश्य नव्हतं! फक्त हातोड्याचे ठोके ऐकू आले. मावशींनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरू शकत नाही.

स्पायडरमॅन कधी अ‍ॅव्हेंजर्समध्ये असतो, कधी नसतो. असं का?

अ‍ॅव्हेंजर्स म्हणजे मार्व्हलच्या नायकांचा संघ. जमिनीचा सातबारा एकाच्या नावावर आणि कसणारा दुसरा, असं प्रकरण आहे. मार्व्हल १९९६ साली दिवाळखोरीत गेली होती. त्या पडत्या काळाच्या आगेमागे एकेका पात्राचे सिनेमाचे हक्क विकले गेले. एक्स-मेन फॉक्सकडे गेले, स्पायडरमॅन सोनीकडे. २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलची बोलणी जमली आणि पुढच्या वर्षी तो मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर' या सिनेमात दिसला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये फिसकटलं, महिन्याभरात पुन्हा जमलं. भावकीत याहून जास्त वेळ लागतो.

एवढा पैसा मिळतो, तो ज्यांनी हे सगळं रचलं त्यांना मिळाला का?

हा प्रश्न मला फार कमी वेळा विचारला जातो. म्हणून मुद्दाम घातला.

जेरी सिगल आणि जो शूस्टर या दोन तरुण पोरांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. आयुष्यभर कोर्टकचेऱ्या केल्या. १९७५ मध्ये, मोठा सिनेमा यायच्या आधी, कंपनीची बदनामी व्हायला लागली तेव्हा कुठे दोघांना वर्षाला २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि नामनिर्देश मिळाला.

बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगरचं तर त्याहून वाईट. चित्रकार बॉब केननं आणलेल्या पहिल्या चित्रातल्या बॅटमॅनचा वेश लाल होता, डोळ्यांवर छोटा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख. टोप, झगा, राखाडी-काळा रंग ही फिंगरची सूचना. 'गॉथम' हे नावही त्याचं. पण करार केनचा, म्हणून नावही केनचंच. फिंगर १९७४ साली गेला. 'फिंगरसह' एवढं छापायला २०१५ उजाडावं लागलं. सिनेमा पाहताना हे नाव येईपर्यंत तरी खुर्चीतून उठू नका. नंतरच्या दृश्यासाठी बसताच ना?

हे सिनेमे मुलांना दाखवावेत का?

काही दाखवावेत, काही नाही. 'जोकर' दाखवू नका, 'स्पायडरव्हर्स' नक्की दाखवा.

आपल्याकडे सुपरहिरो का नाहीत?

कोण म्हणतं नाहीत? माझा पहिला सुपरहिरो मराठीत बोलायचा. वेताळ!

तो जन्मानं अमेरिकन. ली फॉकनं १९३६ साली 'फँटम' सुरू केला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. पण टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सनं १९६४ मध्ये त्याला इकडे आणलं आणि आमच्या दृष्टीनं तो इथलाच झाला. त्याच्या गोष्टीतल्या 'बंगाला' देशाचं इकडे 'डेंकाली' झालं. जांभळा वेश, कवटीची अंगठी, आणि ज्याला ठोसा बसेल त्याच्या जबड्यावर कायमची खूण. त्याच्याकडे शक्ती एकही नाही. बापामागून मुलगा तोच वेश घालतो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो, एवढीच काय ती जादू. याहून चतुर कल्पना मला नंतर फारशी सापडली नाही.

त्याच इंद्रजालमध्ये १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला. डाकूचा मुलगा, भगवा कुडता आणि जीन्स. अस्सल इकडचा नायक. आणि सुरती स्वतः काय करतात? मीरा रोडला २००७ पासून दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचं काम त्यांनी सुरू केलं. झगा नाही, मुखवटा नाही, पान्हा आहे.

शिवाय हिंदीत नागराज होता, ध्रुव होता, टीव्हीवर १९९७ पासून शक्तिमान होता. मराठी सिनेमानं २०१५ मध्ये 'बाजी' करून पाहिला, श्रेयस तळपदेला घेऊन. प्रयत्न मनापासूनचा होता, पण खेळ रिकामे गेले आणि मग कोणी हिंमत केली नाही. माझी तक्रार एवढीच, की आज पुस्तकाच्या दुकानात मराठी सुपरहिरो कॉमिक मागितलं तर माणूस दोन मिनिटं विचार करतो आणि छोटा भीम काढून देतो.

तो धोतरवाला स्पायडरमॅन खरा की कोणीतरी केलेला विनोद?

खरा. पवित्र प्रभाकर, २००४, मुंबईत राहणारा. चित्रकार जीवन कांग. कॉमिक मला तेव्हा बेतास बात वाटलं. योगीबाबा येऊन शक्ती देतात हे वाचून मी कपाळाला हात लावला होता. कोळी चावायला काय झालं होतं? आपल्याकडे कोळ्यांची कमतरता आहे का? आणि पीटर पार्करला यमक जुळावं म्हणून पोराचं नाव 'पवित्र'! शाळेत त्याचं काय झालं असेल!

पण २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडरव्हर्स'मध्ये तोच पवित्र आला आणि मी सपशेल शरण गेलो. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून 'मुंबॅटन'. 'चाय टी' म्हणणाऱ्याला तो झापतो की बाबा, चाय म्हणजेच टी. पिवळं पितांबर पुन्हा! तो सिनेमा भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. आम्ही मुद्दाम मराठी खेळ शोधून गेलो. आणि मुंबॅटनचे रंग बघताना काहीतरी ओळखीचं वाटत राहिलं. तो किंचित सरकलेला छापील रंग, ते ठिपके. घरी येऊन वाचलं तर चित्रकारांनी समोर ठेवली होती ती जुनी इंद्रजाल कॉमिक्स. आमची वेताळवाली!

लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आलाय का?

वाईट सिनेमांचा आलाय. २०२३ मध्ये 'द मार्व्हल्स' आपटला, तेव्हा सगळ्यांनी तेराव्याची तयारी केली. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वूल्व्हरिन'नं १३० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. मला स्वतःला मल्टिव्हर्सचा मात्र खरंच कंटाळा आलाय. दुसऱ्या विश्वातून बदली माणूस आणता येतो म्हटल्यावर कोणाच्या जाण्याचं दुःख कसं करायचं?

तुमच्याकडची इंद्रजाल विकायची आहेत का?

नाही.

ती माझ्या मिरजेच्या मामाची आहेत. त्यानं दहा-दहा अंक एकत्र बांधून घेतले होते. बाइंडरनं कडा कापताना हात सैल सोडला, म्हणून उजवीकडच्या संवादांच्या फुग्यांत शेवटचं अक्षर नाही. वेताळ "सावधा" एवढंच म्हणतो. आमच्या घरात कोणाला सावध करायचं असेल तर अजून "सावधा" म्हणतात. झेरॉक्सही देणार नाही. घरी येऊन वाचा, चहा मिळेल, फक्त कप पुस्तकापासून हातभर लांब ठेवायचा.